सड्यावरचे मेगावॉट आणि वाडीतली तार

देवगड तालुक्याच्या दक्षिण भागात, कुणकेश्वर आणि आचरे यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर मिठबाव हे गाव वसले आहे. खाली पुळण, खाडी आणि माडांची बने, किनाऱ्यालगत गजबादेवीचे मंदिर, शेजारी तांबळडेगची मच्छीमार वस्ती, आणि चढण चढून वर गेले की जांभ्या दगडाचा उघडा सडा, ज्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले गेले, बाहेरून माती आणून ते भरले गेले आणि त्यांत हापूसची कलमे वाढवली गेली. गुहागरपासून मुणग्यापर्यंतच्या या किनारपट्टीने गेल्या चाळीस वर्षांत ऊर्जेच्या जवळजवळ प्रत्येक तंत्रज्ञानाची बातमी पाहिली आहे. पवनचक्क्या आल्या, नैसर्गिक वायूवरचे वीजकेंद्र आले, आयात कोळशावरच्या महाप्रकल्पाची घोषणा झाली, अणुवीजकेंद्रासाठी भूसंपादन झाले, तेलशुद्धीकरणाचा प्रकल्प आला आणि गेला, आणि आता सौरऊर्जेचे पर्व सुरू आहे. या सर्व बातम्यांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे त्या ऊर्जा निर्माण करण्याविषयी होत्या. मिठबावच्या एखाद्या वाडीत मे महिन्याच्या अखेरीस लाईट गेली तर ती कधी आणि कशी परत येते, हा प्रश्न मात्र ऊर्जेच्या राजकारणाने कधी आपला मानला नाही, आणि स्वच्छ ऊर्जेच्या आजच्या चर्चेतही तो मागच्या रांगेतच बसलेला आहे.

ऊर्जेच्या बातम्यांत सर्वाधिक येणारा शब्द मेगावॉट हा आहे, आणि वाचकाची सर्वाधिक दिशाभूलही त्याच शब्दाने होते. मेगावॉट हे क्षमतेचे माप आहे. एखादे यंत्र पूर्ण जोराने चालले तर एका क्षणी किती वीज देऊ शकेल, एवढेच ते सांगते. ग्राहकाच्या बिलावर येते ते युनिट, म्हणजे एक किलोवॉट क्षमतेचे उपकरण तासभर चालल्यावर खर्च होणारी वीज. एक मेगावॉटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर सुमारे ८७ लाख ६० हजार युनिटे निर्माण होतील, परंतु सौर प्रकल्प रात्री बंद असतो आणि ढगाळ दिवशी मंदावतो, त्यामुळे त्याच्याकडून प्रत्यक्षात या कमाल उत्पादनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच वीज मिळते. पवनचक्कीचे प्रमाण जागेनुसार त्याच्या आसपास किंवा थोडे अधिक असते, आणि चांगले चालणारे अणुवीजकेंद्र ऐंशी टक्क्यांच्याही पुढे जाते. २०२५ च्या मध्यावर भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्यापासून मुक्त झाली, ही बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे, कारण २०३० साठी ठरवलेला तो टप्पा पाच वर्षे आधी गाठला गेला; परंतु हे निम्मेपण क्षमतेचे आहे, आणि देशात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या युनिटांपैकी बहुसंख्य युनिटे अजूनही कोळशातूनच येतात. क्षमता आणि युनिट यांतला हा फरक लक्षात ठेवला की मोठमोठ्या आकड्यांच्या घोषणा वाचण्याची दृष्टीच बदलते.

या किनाऱ्यावरचा स्वच्छ ऊर्जेचा प्रयोग दिल्लीतल्या धोरणांच्या बराच आधीचा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर देशात पवनऊर्जेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प गुजरात, तामिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्या किनाऱ्यांवर उभे राहिले, तेव्हा महाराष्ट्रात त्यासाठी कोकण निवडले गेले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाने, म्हणजे ‘मेडा’ने, या कामाला पुढे हात घातला आणि देवगडच्या सड्यावर समुद्राकडे तोंड करून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या काळातले एक यंत्र साधारण ५५ किलोवॉटचे असे, तर आज बसवली जाणारी जमिनीवरची यंत्रे तीन मेगावॉट आणि त्याहूनही मोठी असतात, म्हणजे आजचे एक यंत्र त्या वेळच्या पन्नासहून अधिक यंत्रांच्या बरोबरीचे आहे. पवनऊर्जेचा मूळ नियम असा की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि म्हणूनच वेगात दिसणारा लहानसा फरकही प्रकल्पाच्या अर्थकारणात फार मोठा ठरतो. याच कारणाने पुढे खासगी गुंतवणूक किनारा सोडून साताऱ्याच्या वनकुसवडे पठाराकडे आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलकडे वळली, जिथे उंचीमुळे वारा अधिक मिळतो आणि खाऱ्या हवेने लोखंड गंजण्याचा त्रास नसतो. देवगडच्या पवनचक्क्या हळूहळू पर्यटकांच्या छायाचित्रांचा विषय झाल्या. तरीही त्या प्रयोगाचे मोल कमी लेखता येत नाही, कारण इथला वारा नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत, म्हणजे नेमका सूर्य झाकलेला असताना, सर्वात जोरात वाहतो. सौर आणि पवन यांची सांगड घालण्याची निसर्गाने दिलेली अशी सोय फार थोड्या प्रदेशांना लाभते, आणि तिचा उपयोग करून घेणारा लहान आकाराचा संमिश्र प्रकल्प या किनाऱ्याच्या वाट्याला आला नाही, ही खरोखर खेदाची बाब आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांचे राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये आले आणि २०२४ मध्ये केंद्राने त्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तीही गुजरात आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांसाठी.

पवनचक्क्यांच्या पाठोपाठ आलेल्या प्रकल्पांनी मात्र कोकणी माणसाचे ऊर्जेविषयीचे मत कायमचे घडवले. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉन कंपनीबरोबर १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला आणि १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, तो बंद पडला. या करारातली कळीची तरतूद म्हणजे स्थिर आकार: वीज मंडळाने वीज घेतली किंवा न घेतली, तरी केंद्र उभे आहे आणि वीज देण्यास तयार आहे याबद्दल ठरावीक रक्कम त्याला द्यावीच लागत असे. त्यात इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था जागतिक बाजारभावाला बांधलेला आणि देणी डॉलरला जोडलेली, त्यामुळे तेल महागले आणि रुपया घसरला की दोन्हींचा भार मंडळावर, आणि अखेर ग्राहकावर, येऊन पडे. शेवटच्या काळात काही महिन्यांत ही वीज युनिटला सात रुपयांच्याही वर गेली. पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेच्या अभ्यासकांनी आकडेमोडीसह हे धोके आधीच मांडले होते. या प्रकरणाचा धडा वायू किंवा कोळसा यांच्यापुरता मर्यादित नाही. करार गुप्त राहिला, इंधनाचा भाव परक्या बाजाराच्या हाती राहिला आणि जोखीम मात्र जनतेच्या गळ्यात पडली, तर तंत्रज्ञान कितीही आधुनिक असले तरी प्रकल्प बुडतो. २०२० च्या डिसेंबरात गुजरातमधल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला, तेव्हा त्या स्वस्ताईचे एक मोठे कारण हेच होते की सूर्यप्रकाशाला आयातीचे बिल नसते आणि पंचवीस वर्षांचा भाव पहिल्याच दिवशी ठरवता येतो.

मिठबावच्या उंबऱ्याशी ऊर्जेचे राजकारण येऊन ठेपले ते अतिविशाल वीज प्रकल्पांच्या निमित्ताने. केंद्र सरकारने २००५-०६ मध्ये प्रत्येकी ४,००० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रांची योजना आखली, त्यातला महाराष्ट्राचा प्रकल्प आधी विजयदुर्गजवळच्या गिर्ये गावात ठरला आणि तिथल्या बागायतदारांच्या विरोधानंतर मिठबावच्याच परिसरातल्या मुणगे गावाकडे वळवण्यात आला. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनने त्यासाठी ‘कोस्टल महाराष्ट्र मेगा पॉवर लिमिटेड’ नावाची स्वतंत्र कंपनीही नोंदवली. चार हजार मेगावॉटचे आयात कोळशावर चालणारे केंद्र म्हणजे काय, याची कल्पना केवळ आकड्यावरून येत नाही. अशा केंद्राला वर्षाला कोटीभर टनांहून अधिक कोळसा लागतो, तो उतरवण्यासाठी बंदराचा धक्का लागतो, साठवण्यासाठी उघडे आवार लागते, जळून उरलेल्या राखेसाठी तळी लागतात, यंत्रे थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेऊन ते अधिक उष्ण अवस्थेत परत सोडावे लागते, आणि निर्माण झालेली वीज दूरच्या शहरांकडे नेण्यासाठी उंच मनोऱ्यांच्या रांगा सड्यावरून आणि कलमांच्या बागांवरून न्याव्या लागतात. हापूसला डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो. त्या काळात पडलेले दव, धुके किंवा अवेळी ढगाळ हवा एवढ्यानेही फळधारणा कोलमडते, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. वीटभट्ट्यांच्या धुरातल्या वायूंमुळे आंब्याच्या फळाचे टोक काळे पडते, हा विकार कृषिशास्त्राला परिचित आहे. गंधकाचा धूर ओकणारी उंच चिमणी बागांच्या मध्यावर आणून ठेवताना तिथल्या लोकांनी प्रश्न विचारणे हे अज्ञान नव्हते. पिढीजात निरीक्षणातून आलेली ती सावधगिरी होती.

याची साक्ष महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला मिळते. डहाणूत चिकूच्या बागांच्या प्रदेशात ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यावर उभे राहिले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, ज्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ सांभाळले. चिमणीतून जाणाऱ्या धुरातले गंधकाचे वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याची अट त्या केंद्रावर आधीपासूनच होती, तरी ती प्रत्यक्षात बसायला २००७ उजाडले, आणि तेही प्राधिकरणाने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर. स्थानिकांच्या बाजूने बोलणारी अधिकारसंपन्न संस्था अस्तित्वात असेल तर केंद्र आणि बागा यांच्यात काही एक तडजोड होऊ शकते, आणि ती नसेल तर परवानगीच्या कागदावरच्या अटी कागदावरच राहतात, एवढे डहाणूने दाखवून दिले. मुणग्यातल्या लोकांसमोर अशी कोणतीही हमी ठेवली गेली नव्हती. २०१० च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतल्या खाणी आणि प्रदूषणकारी उद्योगांच्या नव्या परवानग्यांना स्थगिती दिली, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात या दोन जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार केला, स्थानिक विरोध कायम राहिला, आणि मुणग्याचा प्रकल्प कागदावरून पुढे सरकला नाही. त्याच योजनेतले गुजरातमधले मुंद्रा येथील केंद्र उभे राहिले खरे, पण इंडोनेशियाने २०१० मध्ये कोळशाच्या निर्यातीचे दर ठरवण्याचे नियम बदलताच त्याचे अर्थकारण कोसळले आणि वाढीव दरासाठी वर्षानुवर्षे न्यायालयीन वाद चालले. मुणग्याचे केंद्र झाले असते तर दाभोळचीच कहाणी वेगळ्या इंधनाने लिहिली गेली असती, असे म्हणायला पुरेसा आधार आहे.

जैतापूर आणि नाणार यांविषयी इतके लिहिले गेले आहे की इथे थोडक्यात उल्लेख पुरे. विजयदुर्गच्या खाडीपलीकडे माडबन इथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा, एकूण ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प ठरला. फ्रान्सबरोबर २०१० च्या डिसेंबरात करार झाला, मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि एप्रिलमध्ये जवळच्या साखरी नाटे गावात आंदोलकांवर गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. भूसंपादन झाले तरी अणुभट्टीचे बांधकाम आजही सुरू नाही, आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे लक्ष्य २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाल्यामुळे तो विषय पुन्हा वर आला आहे. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात राजापूर तालुक्यातल्या गावांबरोबर देवगडमधली गिर्ये आणि रामेश्वर ही दोन गावेही होती, आणि २०१९ मध्ये ती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. या सगळ्या मालिकेवर शहरी वृत्तपत्रांतून एक शिक्का वारंवार मारला गेला, तो म्हणजे कोकण विकासविरोधी आहे. हा शिक्का अन्यायाचा आहे. कोकणाने विजेला नकार दिलेला नाही. जयगडला १,२०० मेगावॉटचे केंद्र चालते, दोडामार्गात तिलारीचे जलविद्युत केंद्र चालते, कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणी वाशिष्ठीच्या खोऱ्यातूनच समुद्राला मिळते. नकार दिला गेला तो गावाला शेवटी विचारण्याच्या पद्धतीला, आणि जमीन गावाची, धूर गावाचा, वीज मात्र दुसऱ्याची, या हिशेबाला.

आता वितरणाकडे वळावे लागते, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण मिठबावसारख्या गावाचा खरा प्रश्न इथेच आहे. २००३ च्या वीज कायद्यानंतर २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, उच्चदाब वहनासाठी महापारेषण आणि ग्राहकापर्यंत पोचवण्यासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. उपकेंद्रातून निघालेली ११ हजार व्होल्टची वाहिनी, जिला सगळे फिडर म्हणतात, कित्येक किलोमीटर सडा, दरी आणि बागांतून जाते. वाडीजवळच्या रोहित्रावर, म्हणजे बोलीतल्या डीपीवर, तिचा दाब कमी होतो आणि तिथून खांबाखांबावरून घराला वीज मिळते. कोकणातली वस्ती एकत्र गावठाणात नसून वाड्यांवाड्यांत विखुरलेली असल्याने एका किलोमीटर तारेमागे ग्राहक थोडे असतात. खर्च अधिक, वसुली कमी, आणि म्हणून गुंतवणुकीच्या यादीत अशा वाहिन्या मागे पडतात. त्यात समुद्राची बाजू वेगळीच. वाऱ्याबरोबर येणारा मिठाचा थर उन्हाळाभर खांबांवरच्या चिनीमातीच्या चिमण्यांवर, म्हणजे इन्सुलेटरवर, साचत राहतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी असतो, पण वळवाची पहिली सर हलकेच पडून तो ओला झाला की त्यातून विजेला वाट मिळते, ठिणगी उडते आणि सबंध फिडर बंद पडतो. मोठा पाऊस हेच मीठ धुऊन टाकतो. म्हणजे हलका पाऊस किनाऱ्यावरच्या तारेला मुसळधार पावसाइतकाच त्रासदायक ठरू शकतो, आणि हा त्रास होतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यांत, जेव्हा आंबा पिकवण्याच्या खोल्या, रस काढणारे कारखाने आणि बर्फाचे कारखाने यांना विजेची सर्वाधिक गरज असते.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले, तेव्हा या व्यवस्थेची कसोटी लागली. खांब आडवे झाले, माड आणि आंबे तारांवर कोसळले, आणि किनारपट्टीवरच्या अनेक गावांना वीज परत मिळायला कित्येक दिवस लागले. महावितरणच्या जनमित्रांनी, म्हणजे ज्यांना गाव वायरमन म्हणूनच ओळखते त्या कर्मचाऱ्यांनी, पावसात खांबावर चढून जे काम केले त्याची नोंद कृतज्ञतेने घेतली पाहिजे. पण त्यांच्या हातात होते ते तंत्र अर्ध्या शतकापूर्वीचेच: पडलेला खांब उभा करा, तुटलेली तार जोडा, आणि पुढच्या वादळाची वाट पाहा. विद्युत तंत्रज्ञानाने या बाबतीत पुष्कळ पर्याय दिले आहेत. भूमिगत केबल हा त्यातला सर्वात खात्रीचा आणि जांभ्या कातळात खोदाई करावी लागल्याने सर्वात महागही. त्याखालोखाल वेष्टित तारा, ज्यांच्यावर फांदी घासली तरी वीज जात नाही. मिठाला दाद न देणारे सिलिकॉनचे इन्सुलेटर. आणि दोष नेमक्या कोणत्या तुकड्यात आहे हे ओळखून तेवढाच भाग तोडणारे स्वयंचलित स्विच, ज्यांच्यामुळे एका वाडीतल्या बिघाडासाठी दहा गावे अंधारात राहत नाहीत. यांतले काहीही नवे नाही. ते कोणाच्या भूमिपूजनाच्या यादीत बसत नाही, एवढीच त्याची उणीव.

छपरावरच्या सौर विजेकडे यामुळेच लोकांचे लक्ष गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत देशभरातल्या एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले असून एका किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. अशी यंत्रणा वर्षाच्या सरासरीने एका किलोवॉटमागे महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटे देते, पण कोकणात जून ते सप्टेंबर या काळात उत्पादन बरेच घटते आणि मार्च-एप्रिलमधल्या जादा युनिटांनी त्याची भरपाई करावी लागते. ही देवघेव ज्या व्यवस्थेने होते तिला नेट मीटरिंग म्हणतात, म्हणजे मीटर दोन्ही दिशांनी मोजतो आणि ग्राहकाने वाहिनीला दिलेली युनिटे त्याच्या वापरातून वजा होतात. एक बाब मात्र विक्रेते क्वचितच स्पष्ट सांगतात. वाहिनीला जोडलेली साधी सौर यंत्रणा लाईट गेली की स्वतःही बंद होते. हा दोष नाही, सुरक्षेचा नियम आहे: बाहेरची तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या माणसाला घराच्या छपरावरून मागे येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर वाहिनीचा दाब नाहीसा होताच काम थांबवतो. म्हणजे तौक्तेसारख्या वादळानंतर लख्ख ऊन पडले तरी छपरावर पॅनेल असलेले घर शेजाऱ्याइतकेच अंधारात राहील. त्यावर उपाय आहे, संकरित इन्व्हर्टर आणि बॅटरी, ज्यांच्या मदतीने घर वाहिनीपासून सुटे होऊन स्वतःपुरते चालू शकते. परंतु योजनेतले अनुदान पॅनेलच्या किलोवॉटवर मोजले जाते, बॅटरीवर नव्हे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कुटुंबाला सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग नेमका त्याच्याच खिशातून येतो.

कोकणातल्या घरांची आणखी एक अडचण दिल्लीत बसून दिसत नाही. वीजजोडणी अर्जदाराच्या नावावर असावी लागते, आणि इथे मीटर अनेकदा दिवंगत आजोबांच्या किंवा मुंबईत स्थायिक झालेल्या काकांच्या नावावर असतो, घर सामाईक असते आणि सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात. शिवाय मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, त्यावर झुकलेले माड आणि फणस, वर्षातून गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारी घरे, आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत राहणारा वापर, ज्याचा दर मुळातच कमी असल्याने गुंतवणूक फिटायला अधिक वर्षे लागतात. खारी हवा सोसण्याची चाचणी झालेली पॅनेले आणि न गंजणाऱ्या पट्ट्या व खिळे वापरले नाहीत तर सांगाडा लवकर खिळखिळा होतो, आणि वादळी वाऱ्यात सुटलेले पॅनेल हे उडालेल्या पत्र्याहून कमी धोकादायक नसते. शहरातल्या सोसायटीसाठी आखलेली योजना वाडीत जशीच्या तशी रुजत नाही, याचा दोष वाडीला देता येणार नाही.

सौरऊर्जेची दुसरी वाट सड्यावरून जाते आणि तिथे जुन्या चुकांची पुनरावृत्ती होण्याची भीती सर्वात जास्त आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ लहान-मध्यम सौर प्रकल्प उभारून शेतीचे फिडर दिवसा चालवायचे आहेत, आणि त्यासाठी खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे देऊ केले आहे. संकल्पना चांगली आहे, कारण वीज जिथे वापरायची तिथेच तयार झाली की तारेतली गळती कमी होते. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर सपाट, उघडी जमीन लागते, आणि कोकणात अशी जमीन म्हणजे सडा. महसुली दप्तरात तो पडीक किंवा पोटखराबा म्हणून नोंदलेला असतो. प्रत्यक्षात पावसाळ्यात त्याच्यावर उगवणारी फुले आणि गवते इतरत्र सापडत नाहीत, गुरे तिथेच चरतात, विहिरींना पाणी त्याच जांभ्यातून झिरपून मिळते, आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रे आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तर त्याच यादीतल्या बारसूच्या सड्यावर त्याच सुमारास तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण झाले. स्वच्छ ऊर्जेचा प्रकल्प आहे म्हणून सड्याचे सर्वेक्षण टाळावे, ग्रामसभेला उशिरा विचारावे, हे मान्य होण्यासारखे नाही. धूर न सोडणारे तंत्रज्ञान निवडले म्हणून प्रक्रिया आपोआप स्वच्छ होत नाही. कोळशाच्या प्रकल्पाला जे प्रश्न विचारले गेले ते सौर प्रकल्पालाही विचारले गेले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे देणे सौर प्रकल्पाला किती तरी सोपे आहे, म्हणून तर आग्रह अधिक धरायला हवा.

राजकारणाने या सर्वांतून आपले मोजमाप बदलावे अशी अपेक्षा रास्त आहे. वीजपुरवठ्याच्या भरवशासाठी दोन निर्देशांक जगभर वापरले जातात: एका ग्राहकाचा पुरवठा वर्षात सरासरी किती वेळा खंडित झाला, आणि एकूण किती मिनिटे खंडित राहिला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या विनियमांनुसार वितरण कंपनीला हे आकडे ठेवावे आणि जाहीर करावे लागतात, आणि ठरावीक मुदतीत पुरवठा पूर्ववत झाला नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते, जरी चक्रीवादळासारख्या आपत्तीत कंपनीवरचे हे बंधन शिथिल होते. विधानसभेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मेगावॉटच्या घोषणा ऐकू येतात. देवगड तालुक्यातल्या कोणत्या फिडरवर गेल्या वर्षी किती मिनिटे अंधार होता, हा आकडा मात्र एकाही जाहीर सभेत ऐकू येत नाही. तो मागितला जाऊ लागला तर वेष्टित तारा आणि स्वयंचलित स्विच यांनाही भूमिपूजनाची प्रतिष्ठा मिळेल.

गावाच्या पातळीवर लगेच करता येण्यासारखे कामही मोठे नाही. मिठबावसारख्या गावात वादळानंतरचे पहिले तीन-चार दिवस ज्या जागा चालू राहिल्याच पाहिजेत त्या मोजक्या आहेत: नळपाणी योजनेचा पंप, आरोग्य केंद्रातले लशींचे शीतकपाट, ग्रामपंचायतीचे कार्यालय, भ्रमणध्वनीचा मनोरा, आणि निवाऱ्यासाठी वापरली जाणारी शाळा. पंप आणि मनोरा वगळता प्रत्येक ठिकाणी काही किलोवॉटची सौर पॅनेले, संकरित इन्व्हर्टर आणि बॅटरी एवढ्याने काम भागते. पंपासाठी थोडी मोठी यंत्रणा लागते, आणि मनोऱ्याची जबाबदारी दूरसंचार कंपनीची असते. शाळेच्या छपरावरची वीज इतर दिवशी नेट मीटरने शाळेच्याच बिलातून वजा होऊ शकते, म्हणजे वादळासाठी केलेला खर्च वर्षभर थोडा थोडा परत येत राहतो. बॅटरीची क्षमता किती तासांची ठेवावी, सांगाडा ताशी किती किलोमीटर वाऱ्याला टिकावा, आणि देखभालीसाठी वाडीतल्याच दोन तरुणांना कोणते प्रशिक्षण द्यावे, या तीन बाबी निविदेत स्पष्ट लिहिल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर पाच वर्षांनी बंद पडलेल्या सौर पथदिव्यांच्या रांगेत आणखी एकाची भर पडेल. असा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आणि आपत्ती सौम्यीकरणाच्या तरतुदीतून मांडता येतो, आणि त्याची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने करता येते.